फाटकावरच्या पाटीत मी नाही

मित्रांनो, अंगावर कोंबड्या बसतात म्हणून मला खुराडं समजू नका. मी एक जुना टांगा आहे, आणि एके काळी साहेबलोक माझी वाट बघत उभे राहायचे.

चिंचवडच्या एका सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. सयाजीराव माझे मालक आणि रंगी आमची घोडी. आकुर्डी स्टेशनवरून कंपनीच्या कॉलनीत सवारी न्यायची, त्यावरच आमचं पोट. पण एकदा रंगीने मोठ्या साहेबांच्या बंगल्यापुढेच लीद टाकली. आता घोडी आहे, टाकणारच. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकावर इंग्रजीत पाटी लागली, 'कार्ट'ला मनाई.

सयाजीरावांचं तोंड उतरलं. "आता रंगीला विकावी लागतीय, बाई," ते अरुंधतीबाईंना म्हणाले. बाई कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत आणि रोज माझ्यातूनच येत. त्या तडक फाटकाचे अधिकारी कर्णिक यांच्याकडे गेल्या.

"कार्ट म्हणजे माल वाहणारी गाडी. माणसं बसतात ती कॅरेज. ही कॅरेज आहे."

मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू.

कर्णिक गोड हसले. "असं होय? मग घोड्याच्या गाड्यांना इंग्रजीत आणखी काय काय म्हणतात?"

शिक्षकाला प्रश्न विचारला की संपलंच. बाई खुलल्या. मोठी, बंद, चार चाकांची ती कोच. अवजड माल नेते ती वॅगन. हलकीफुलकी, दोघांपुरती ती बग्गी. लढाईचा रथ तो चॅरियट.

"बाई, पुरं की वो आता," सयाजीराव मागून पुटपुटले. पण बाई कसल्या थांबतात.

सकाळी पाटी नव्याने रंगवलेली. कार्ट, कॅरेज, कोच, वॅगन, बग्गी, चॅरियट, सगळ्यांना मनाई. आकुर्डीत रथ घेऊन कोण येणार होतं, देव जाणे. सयाजीराव नुसते रंगीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मला रडूच आलं असतं, पण पडलो लाकडाचा.

बाई खाली उतरल्या. त्यांनी पाटी नीट वाचली आणि कर्णिकांना बाहेर बोलावलं.

"यात टांगा कुठे आहे?"

"तुम्हीच याला कॅरेज म्हणालात. टांगा सांगितलाच नाहीत."

"तुम्ही इंग्रजी शब्द विचारले होते. याचं खरं नाव टांगा."

कर्णिकांनी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर आता एक अक्षरही मावणार नव्हतं. त्यांनी पहारेकरी भैरूला हात केला आणि भैरूने फाटक उघडलं.

पुढे रिक्षा येईपर्यंत आम्ही रुबाबात आत जात होतो. तेव्हा मित्रांनो, शब्द शिका, त्यांना जपा. पण कुणी फार गोड हसून विचारलं, तर एखादा खिशातच राहू द्या.