मागच्या दारचा दिवा

अभयारण्याच्या रखवालदाराचा अंधारावर फार जीव. जंगल उतरत उतरत जिथं वाळूला टेकतं, तिथं त्याची चौकी आणि चौकीला लागून घर. कासवांची पिल्लं वाळूतून वर येण्याच्या दिवसांत किनाऱ्यावर एकही दिवा दिसता कामा नये, हा नियम. पिल्लांना उजेडाची ओढ. अंधारात काय तो समुद्रच उजळ दिसतो, म्हणून ती तिकडे धावतात. भलतीकडे दिवा दिसला की वाट चुकलीच. रखवालदार डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायचा. हा गडी काजव्यालाही दंड करील, असं मच्छीमार म्हणायचे.

मग त्याचा एकुलता एक मुलगा प्रवाळांपाशी हद्दीच्या खुणेची तरंगती पिंपं तपासायला गेला आणि वादळ उठलं. होडी सापडली, मुलगा नाही. त्या दिवसापासून बायकोनं समुद्राकडच्या मागच्या दारचा दिवा रोज संध्याकाळी लावायचा आणि उजाडेपर्यंत विझू द्यायचा नाही, असा नेमच धरला.

कासवांचे दिवस आले तरी रखवालदार गप्पच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे त्याला कळत का नव्हतं? पण आईच्या काळजाला नियम कोण सांगणार? शिवाय गस्तीवरून परतताना तोही आधी तो दिवाच शोधायचा. दिवा आहे तोवर पोरगं यायचं बाकी आहे, असं त्यालाही वाटायचं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत त्यानं दिवस ढकलले.

एका सकाळी झाडीत धनेश पक्षी ओरडायला लागले तसं त्यानं मागचं दार उघडलं. वाळूवर बारीक पावलांच्या रेघाच रेघा, सगळ्या वर घराकडे आलेल्या. बिस्किटाएवढी पिल्लं पायरीपाशी वाळून पडली होती. काहींना मुंग्या लागल्या होत्या. बायको उठायच्या आत आवरावं म्हणून त्यानं खराटा घेतला, तर त्या आवाजानंच ती बाहेर आली.

त्यानं सगळं सांगून टाकलं. ती पायरीपाशी वाकून एकेक पिल्लू बघू लागली. एक पिल्लू अजून पाय हलवत होतं. ते तिनं ओंजळीत घेतलं आणि पाण्याकडे चालू लागली. होडी सापडल्यापासून ती पाण्याजवळ गेली नव्हती. ओल्या वाळूवर तिनं ते सोडलं, लाटेनं नेलं, तरी ती बघत राहिली.

"अहो, मला भान नव्हतं, पण तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"मलाही तो दिवा हवा होता गं."

त्या संध्याकाळी तिनं दिवा लावलाच नाही.

"त्याला घर माहीत आहे," ती म्हणाली. "या बापड्यांना अजून समुद्रही माहीत नाही."

दोघं पायरीवर बसून राहिली. अंधार दाटत गेला. जन्मभर दुसऱ्यांचे दिवे बंद करायला लावणाऱ्या माणसाचा हात दोनदा चौकटीवरच्या बटणाकडे गेला, आणि दोन्ही वेळा तिनं तो धरून आपल्या हातात ठेवला.