जुन्या अँटिव्हायरसचा पासवर्ड

अँटिव्हायरसचं नवं व्हर्जन अर्ध्यावर अडकलं आणि ज्योत्स्नाचा घरचा कॉम्प्युटर एकही फाइल उघडेना. सुरगाण्याच्या बायकांकडून दोन वर्षं गोळा केलेली अंगाईगीतं त्यातच होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

"वहिनी, जुनं काढलंच नाही तुम्ही! एका चुलीपाशी दोन सासवा बसवल्या," दुरुस्तीवाला मयूर फोनवर म्हणाला.

"काढायला पासवर्ड मागतंय. तो यांनी टाकलेला. हे सातपूरच्या कारखान्यात शिफ्टवर, मोबाइल गेटवर जमा."

"मग सगळं पुसावं लागेल."

"थांबा हो!" तिने स्वतःचं नाव इंग्रजीत टाइप केलं. चुकलं. एक अक्षर वाढवलं, तरी चुकलं.

"दोनदा चुकलं ना? आता एकदाच टाकता येईल. किशोरदादा हाक कशी मारतात तुम्हाला?"

लग्नाच्या अकरा वर्षांत सुरगाण्याच्या डोंगरात वाढलेल्या नवऱ्याच्या जिभेवर तिचं नाव कधी नीट बसलं नव्हतं. ती सुधारत राहायची, तो हसत राहायचा.

तिने इंग्रजीत 'जोसना' असं टाइप केलं.

जुनं निघू लागलं. स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या चालीने सरकली, आणि अखेर गीतांची फाइल उघडली.

"काय होता पासवर्ड, वहिनी?"

"ते नका विचारू," ती डोळे पुसत म्हणाली.