खुर्चीतल्या गोळ्या

सकाळचा जप संपेपर्यंत मी बोलत नाही, पाणीही घेत नाही. त्या दिवशी मात्र जप अर्धा टाकून ओरडले.

आमचे हे गाद्या-खुर्च्या दुरुस्त करतात. मध्यंतरी ह्यांच्या पाठीत कुणी कापड टरकावावं तशी कळ आली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. डॉक्टरबाईंनी जांघेतून नळी सरकवत नेली आणि फाटल्या जागी आतून जाळीचं अस्तर बसवलं. "रक्तदाब चढू द्यायचा नाही, गोळी चुकवायची नाही," असं बजावलं.

"अस्तराचं मला सांगता होय! जन्म गेला त्यात," हे म्हणाले.

घरी आल्यावर मी नेम धरला. ह्यांनी गोळी घेतल्याशिवाय घोटभर पाणी प्यायचं नाही. रोज माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचे. "घे, सोड तुझा नेम!"

त्या सकाळी जपाला बसले तर खुर्चीची गादी टोचली. उसवलेल्या कडेतून बोट घातलं. कापसात मूठभर गोळ्या, ओल्या होऊन वाळलेल्या! कामाच्या वेळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ओठांत धरणारा माणूस. गालात गोळी लपवणं त्यांना काय जड!

"अहो! हे काय आहे?"

"कापूस," म्हणत हे दारात आले आणि माझी मूठ पाहून थबकले.

"थट्टा सुचतेय? ह्या गोळ्यांवर बसून मी तुमचं आयुष्य मागत होते! देवासमोर खोटी पाडलीत मला."

"अगं, नेमापायी तू तहानलेली राहू नयेस म्हणून तर..."

"माझ्या नेमाला काय जाळायचंय? फार तर घसा कोरडा पडेल माझा. तुमचा जीव जाईल!"

हे खाली बसले. "गोळी घेतली की वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हातोडी चुकेवर पडायची ती बोटावर पडते. हातच गेला तर माझं राहिलं काय?"

"हे डॉक्टरबाईंना सांगितलंत?"

"त्या म्हणतील, म्हातारा कुरकुरतो."

"म्हणू देत! गोळी बदलतील, कमी करतील, काहीतरी करतील. आणि तुम्ही अस्तर लावून दिलेली खुर्ची गिऱ्हाइकानं दुसऱ्याच दिवशी ताणून फाडली, तर त्याला काय म्हणता?"

"गाढव," हे पुटपुटले.

मी फोन पुढ्यात ठेवला. ह्यांनी नंबर लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला तसा फोनवर हात ठेवून म्हणाले, "तूच बोल ना. तुला छान जमतं."

बोलायला जीभ शिवशिवत होती. पण माझा जप राहिला होता. मी त्याच खुर्चीत बसले, पाण्याचा भरला पेला समोर ठेवला आणि ओठ मिटले.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "गोळी मी... घेत नव्हतो."

बाई इतक्या कडाडल्या की मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. "अस्से उठा आणि इकडे या!"

बरं वाटलं. पाणी मी दवाखान्यातून परतल्यावर प्यायले.