आणखी कोण चालवतं?

वीरधवलनं लष्कराच्या कँटीनमधून गाडी घेतली, हार घालून कडेगावच्या घरासमोर उभी केली आणि सुट्टी संपताच पार उत्तरेला, बर्फातल्या आपल्या ठाण्यावर निघून गेला. जाताना किल्ली आईच्या हातात दिली. "रोज दुपारी जरा वेळ चालू करून ठेवत जा. न्हाईतर बॅटरी उतरती. गिअरला मातूर हात लावू नगंस." बनुबाईंनी ते काम देवपूजेइतकंच मनावर घेतलं.

त्यांची सून संयोगिता गावातल्याच बँकेत स्कूटीवरून जायची. लग्नकार्य निघालं किंवा दवाखाना निघाला तरच ती गाडी बाहेर काढायची. एरवी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. दुपारची भांडी आटोपली की बनुबाई हात पुसत, चपला बाहेर काढत आणि स्टिअरिंगमागे बसत. किल्ली फिरवली की अंगाखाली बारीक थरथर सुरू व्हायची. मग त्या निघत.

आता निघत म्हणजे काय, समोर शेडची भिंत होती आणि भिंतीला खोरं टेकवलेलं होतं. पण ते बनुबाईंना दिसेल तर ना. त्यांना दोन्ही अंगाला ऊस दिसायचा, सावकाश मागं सरणारा. मग तासगावच्या बागा लागायच्या, बेदाण्याच्या शेडांवर वाऱ्यानं फुगलेली हिरवी जाळी दिसायची. मागून एसटी आली तर त्या तिला खुशाल पुढं जाऊ देत. सांगलीचा पूल ओलांडून त्या हायवेला लागत, सातारा मागं टाकत आणि डोंगर पांढरे होईपर्यंत थांबत नसत. वर जायला आधी खाली सांगलीला उतरणं हा द्राविडी प्राणायामच होता, पण बाईंना ठाऊक असलेला रस्ता तेवढाच. पोराच्या ठाण्याशी पोचलं की त्या इंजिन बंद करत. जन्मात त्या स्वतःच्या मर्जीनं कुठं गेल्या नव्हत्या. माहेरी जायचं तरी कुणीतरी न्यायला यावं लागे. तेव्हा ही दुपार त्यांना जिवापाड प्यारी होती, आणि ती कुणाला सांगायची नसते एवढं शहाणपणही त्यांना होतं.

विमा सरत आला तेव्हा संयोगितानं गाडी काढली, सासूला शेजारी बसवलं आणि दोघी सांगलीला विश्रामबागेत विम्याच्या एजंटबाईंकडे गेल्या. ही प्रियदर्शनी बोलायला गोड, पण प्रश्न सोडायची नाही. तिच्या कंपनीनं नवीनच काढलं होतं: गाडी मुख्यतः कोण चालवतं ते सांगायचं, आणि जादा चालक कोण कोण तेही.

"मुख्य मलाच लिवा," संयोगिता म्हणाली. "हे सुट्टीवर आले की चालवत्यात. त्यास्नी जादा म्हणून घाला."

"आणखी कोण चालवतं?"

"कोण न्हाई."

इथं बनुबाईंनी गप्प बसायचं होतं. पण डोक्यावर पंखा मंद फिरत होता, बाहेर ऊन पेंगत होतं, त्यांची रोजची निघायची वेळ झाली होती आणि राबणाऱ्याचं नाव गाळल्यासारखं वाटून त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

"मी चालवते की रोज," त्या म्हणाल्या. "कालच तासगावास्नं पुढं जाऊन आले."

प्रियदर्शनीचा हात थांबला. संयोगिता पांढरीफटक पडली. "आत्या, तुमी गाडी बाहीर काढता?"

बनुबाई पेचात पडल्या. बसल्या जागी जाते म्हणावं, तर डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. त्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं. त्या पदराचा काठ चाचपत राहिल्या.

"मावशी, लायसन्स नसेल तर नाव घालता येत नाही," प्रियदर्शनी समजुतीनं म्हणाली, मग संयोगिताकडे वळली. "आणि यांच्या हाती किल्लीही देऊ नका. कुणाला लागलं तर कंपनी हात वर करेल आणि निस्तरावं लागेल साहेबांना. गाडी त्यांच्या नावावर आहे."

मुख्य चालक संयोगिता, जादा चालक वीरधवल. यादी तिथं संपली. घरी येताच किल्ली संयोगिताच्या पर्समध्ये गेली. "तुमाला काय झालं असतं तर मी ह्यास्नी काय तोंड दावलं असतं?" एवढंच ती म्हणाली. तिचं खरंच होतं, म्हणून तर बनुबाईंना भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शेडमध्ये जाऊन बंद गाडीच्या काचेशी उभ्या राहिल्या. डोळे मिटून पाहिले. थरथर नाही, तर ऊसही हलेना. भिंत भिंतच राहिली आणि खोरं खोरंच. बनुबाई तिथंच खाली बसून पोटभर रडल्या.

संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. संयोगितानं तो सासूच्या पुढ्यात स्पीकरवर लावला.

"आई बरी हाय नव्हं?" त्याचा आवाज घाबरा होता.

"बऱ्या हायत की. का वो?"

"गाडी माझ्या मोबाईलला जोडल्याली हाय. दुपारी आईनं चालू केली की हितं दिसतं. आज दिसलंच न्हाई. लय घोर लागला."

"आवं, किल्ली मी काढून घेतलीया. आत्या गाडी घिऊन तासगावला जात व्हत्या."

"न्हाई गं. गाडी शेडातनं हालत न्हाई, तेबी दिसतं मला." तो हसला. "ती नुसती बसती. मग मीबी चहा घिऊन हितं भिताडाला टेकतो. तिला ठावं हाय तीच वाट धरतो. म्हणतो, आली तासगावात, आता पूल वलांडला. बंद केली की समजतो, पोचली." मग तो थेट आईशी बोलला. "आई, आज आली न्हाईस गं."

संयोगिता उठली, पर्समधून किल्ली काढून तिनं बनुबाईंच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "चला आत्या. मी शेजारी बसते."

फोन चालूच ठेवून दोघी शेडमध्ये गेल्या. बनुबाईंनी चपला बाहेर काढल्या, आत बसल्या, किल्ली फिरवली.

"पट्टा लाव पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "वाट लांबची हाय."