गार पाण्याचा आळ

जलाशयाच्या मावळतीच्या घाटावर सारं गाव लोटलं होतं. भर वैशाखात परवापर्यंत कोमट असलेलं पाणी आज बर्फागत गार झालं होतं, त्याला सडक्या अंड्याचा वास मारत होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. जलनाथबाबा लंगोटीवर गुडघाभर पाण्यात उभे राहून थरथरत होते. गार पाण्यात उघडा माणूस थरथरणारच. पण लोकांना त्यात देवी दिसली.

“टोनहीचा पाय लागला,” बाबांनी अंजनाकडे बोट करून तिला चेटकीण ठरवलं.

अंजना मासे धरणाऱ्या ढीवराची विधवा, गावात एकटीच डोंगा वल्हवणारी बाई. तिनं सांजेच्या आत गाव सोडावं, मग बाबा पूजा करून पाणी पूर्ववत करतील, असं ठरलंही. तिचा सख्खा दीर प्रेमलाल बाबांवर छत्री धरून होता. कालपर्यंत तिच्या हातचा भात खाणारा हा माणूस आता मान वर करीना. अंजनाला रडू नाही, संताप आला.

“भाऊजी, डोंग्यात प्यायचं पाणी कसं गार करता तुम्ही?”

“बाटली दोरीनं खाली सोडतो.”

“काहून?”

“खाली थंडच रायते ना.”

रोज बाटल्या सोडणाऱ्या ढीवरांची तोंडं पाहण्यासारखी झाली. अंजनानं मग सरळ सांगितलं. उन्हानं तापलेलं हलकं पाणी वर राहतं, गार जड पाणी तळाशी पडून कुजतं, त्यात माशाचा जीव घुसमटतो. तीन दिवस मावळतीचा वारा सुटला होता. त्यानं वरचं पाणी लोटत पलीकडे नेलं आणि इकडे तळाचं वर आलं. तिनं सर्वांदेखत पलीकडच्या काठावरच्या नणंदेला, संध्याला, फोन लावला.

“इकडं तं कोमटच हाय,” संध्या म्हणाली, “अन् दोन बोटं चढलं बी.”

बाबांची घाईही उघडी पडली. सकाळपासून वारा पडत चालला होता, आणि वारा पडला की कोमट पाणी आपसूक माघारी येतं. दरवर्षी बाबा नेमके त्याच सुमारास उगवत.

“बाबा, तुम्ही पूजा करू नका,” अंजना म्हणाली. “मीही गाव सोडत नाही. तरी पाणी कोमट झालं तं?”

देवी कोपेल असं पुटपुटत बाबांनी काढता पाय घेतला. तिसऱ्या दिवशी पाणी कोमट झालं. प्रेमलाल डोंग्यापाशी येऊन म्हणाला, “वहिनी, चुकलं माह्यं.”

“पाण्याले फिराले तीन दिवस लागले, भाऊजी. तुम्ही एका घडीत फिरले.”

पुढच्या वैशाखात वारा सुटेल, पाणी पुन्हा गार होईल. तेव्हा टोनही शोधू नका. वारा कुठून येतो ते बघा.