दोन कामांची बंदूक

चांदवडजवळच्या वस्तीवर राहणारा हिरामण हवालदार बंदुकीच्या परवान्यासाठी सहा वर्षं चकरा मारत होता. अखेर परवाना हातात पडला. त्यावर कारणं दोन होती, पीकसंरक्षण आणि नेमबाजी. बंदूक मात्र एकच घ्यायची होती.

शिकारीचा जमाना कधीच संपला होता. पण डोंगरातून उतरणारी रानडुकरं दरसाल मक्याची नासाडी करत, आणि वनखात्याची परवानगी असली तर त्यांच्यावर बार टाकता येई. दुसरं कारण म्हणजे त्याची मुलगी योगिनी. ती नाशकात शिकायला होती आणि तिथल्या क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर उडत्या चकत्या फोडायची. नेम त्यानंच शिकवला होता. फौजेत तीन वर्षं त्याची ड्यूटी रेंजवरच होती. पण क्लबची बंदूक एखाद्या उंच गड्याच्या मापाची. तिचा दस्ता योगिनीच्या बगलेत अडकायचा. स्वतःचा परवाना हवा तर राज्य स्पर्धेत गुण हवेत, आणि गुण हवेत तर मापाची बंदूक हवी. वडिलांच्या परवान्यावरची बंदूक त्यांच्या देखत वापरता येईल, असं कोचनं सांगितलं होतं.

म्हणून कोणती बंदूक दोन्ही कामांना चालेल, याचाच विचार हिरामण सहा वर्षं करत होता. शेतात फिरायला हलकी बरी, पण चकतीमागे नळी एकसारखी फिरायची तर वजन हवं. अंगणात कुदळीचा दांडा खांद्याला लावून तो उभा राहायचा. बायको बायडाबाई म्हणायची, "पोरीची सोयरीक बघताना तरी एवढा इचार कराल का?"

नाशकातल्या बंदुकांच्या दुकानात झुंबरशेठनी बापलेकीपुढे तीन बंदुका काढल्या. शेजारी-शेजारी नळ्यांची जुन्या पद्धतीची दुनळी चकतीच्या कामाची नाही म्हणून हिरामणनं स्वतःच बाजूला सारली. दुसरी खास चकतीची होती.

"चकती वर उठते, म्हणून हिचा मारही थोडा वर असतो," शेठ म्हणाले. "डुक्कर खाली मुंडी घालून पळतं. छर्रे पाठीवरून जातील."

तिसरी वरखाली नळ्यांची, अठ्ठावीस इंची. नळ्यांच्या तोंडात बसणारे चोक बदलता येत होते. आखडते लावले की छर्रे लांबवर एकत्र जात, मोकळे लावले की जवळच पसरत. दस्ताही कमीजास्त करता येत होता. योगिनीनं ती खांद्याला लावली आणि गाल अलगद दस्त्यावर टेकला.

"नाना, हीच."

एवढ्या वर्षांत तिला इतकी खूश त्यानं पाहिली नव्हती.

"आता तुम्ही," शेठ म्हणाले. त्यांनी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मिटली, आणि त्याला मोठ्या आरशासमोर उभं केलं. "आपल्याच उजव्या डोळ्यावर नेम धरा. माप लगेच कळतं."

हिरामणनं बंदूक उचलली, डावा डोळा मिटला. आरशात टोपी दिसत होती, कान दिसत होते, मिशीची टोकं दिसत होती. मधोमध नुसता राखाडी डाग. त्यानं मान जरा वळवली.

"मान का फिरवताय?"

"सवय हाय."

"फौजेत अशी सवय लावत नाहीत, हवालदारसाहेब. नळीच्या टोकाचा नेमाचा मणी दिसतोय?"

गेल्या दिवाळीपासून विजेचे खांब त्याला मधेच मोडल्यासारखे दिसत. मोबाइलवरचे आकडे गळत. नंबर बदलला असेल, चष्मा करू, म्हणत त्यानं दिवस ढकलले होते. डॉक्टरी दाखला सहा वर्षांपूर्वीचा होता.

"बाजूचं सगळं दिसतंय, शेठ," तो म्हणाला. मग घाईनं बंदूक डाव्या खांद्याला लावली. मणी दिसला. "पण ही नळीवरची पट्टी वाकडी हाय का?"

"पट्टी सरळ आहे, नाना," योगिनी म्हणाली.

शेठनी बंदूक त्याच्या हातातून हलकेच काढून घेतली. "मी नाही विकणार. मक्यात जे हलेल ते डुक्करच आहे, हे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?"

हिरामणला मक्यात वाकून गवत काढणारी बायडाबाई आठवली. त्यानं नकारार्थी मान हलवली.

त्याच दिवशी योगिनीनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध गेला होता, डाव्याची सुरुवात होती. इंजेक्शननं डावा काही काळ टिकेल, डॉक्टर म्हणाले, पण गेलेलं परत येणार नाही.

"परवाना असू द्या," बाहेर आल्यावर योगिनी म्हणाली. "मी एकटीच वापरेन."

"नूतनीकरणाला खोटा दाखला काढावा लागंल. आन् मला दिसत नाय, तर माझ्या देखत म्हणजे काय, बाई?"



परवाना परत करायला तो एकटाच गेला. कारकून म्हणाला, "मामा, लोकांच्या इथं चपला झिजतात, आणि तुम्ही परत देताय?"

"पोरीच्या नावावर होईल का?"

"तसं होत नाही."

त्या साली डुकरांनी अर्धा मका लोळवला. पुढच्या साली हिरामणनं मका पेरलाच नाही.

राज्य स्पर्धेला योगिनी क्लबचीच बंदूक घेऊन उतरली. हिरामण मागे खुर्चीवर बसला. चकती त्याला दिसत नव्हती. बार ऐकू येई, आणि चुकला तर पंचांचा "लॉस्ट". शेवटच्या फेरीत पंचवीस चकत्या होत्या. तो बोटांवर चुका मोजत राहिला.

ती त्याच्याजवळ येऊन बसली. खांदा चोळत होती.

"नऊ चुकल्या ना?" त्यानं विचारलं.

"दहा, नाना. एकदा पंच हळू बोलले."

गुण कमी पडले होते. तिनं बंदूक पुसून क्लबच्या कपाटात ठेवली, सही केली. परत येऊन म्हणाली, "निफाडच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा आहे. एक तारखेपासून जाते. रेंजवर आता नाही यायची."

पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण पुढच्या वर्षी काय बदलणार होतं, ते त्याला सांगता आलं नसतं.

"बरं," तो म्हणाला.

दोघं हायवेपर्यंत चालत आली. लांबून एसटी येताना पाहून तो पुढे सरकला, हात वर केला. योगिनीनं त्याचा हात धरून खाली घेतला.

"आपली नाही, नाना," ती म्हणाली. "मालेगावची जलद आहे. चांदवडला थांबत नाही."