डावा स्पीकर कमी वाजतो

मित्रांनो, मी एक अ‍ॅम्प्लिफायर आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. गाणं माझ्याकडे येतं तेव्हा फार अशक्त असतं. मी त्याला बळ देतो आणि स्पीकरकडे पाठवतो. माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटातली एकेक तार हाताने जोडली, मला वाजवून पाहिलं आणि मगच झाकण बसवलं. आता मी डोंबिवलीत मानपाड्याला राहतो. या घरात जे घडलं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

बोटीतून आल्यावर मी ठाण्यात माजिवड्याजवळ विनीत नावाच्या माणसाच्या दुकानात होतो. लोक यायचे, माझ्या बटणांवरून बोटं फिरवायचे, विनीतचा चहा प्यायचे आणि निघून जायचे. एके दिवशी महिपत केणे आले. सोबत त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी प्राप्ती होती. महिपतदादांची बँजो पार्टी आहे. मानपाड्यापासून शहाडपर्यंत कुणाची हळद असली की त्यांना बोलावणं येतं. मांडवात कितीही गोंगाट असो, पार्टीतल्या कुणाची तार जराशी उतरली तरी दादा वाजवता वाजवता मान वळवून त्याच्याकडे बघायचे. गावात सगळे म्हणायचे, कान असावा तर महिपतसारखा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात वाजवल्यावर आता त्यांना स्वतःच्या घरात बसून चांगलं संगीत ऐकायचं होतं.

"नवरा परदेशी हाय," मला थोपटत ते विनीतला म्हणाले. "याला नवरी नीट बघून द्या."

आम्हा अ‍ॅम्प्लिफायरांचं तसंच असतं. कुठलाही स्पीकर आम्हाला चालत नाही. विनीतने मला आधी एक छोटी जोडी लावली. तिचा आवाज कानाला टोचू लागला. मग माणसाएवढे उंच स्पीकर लावले. त्यांना ओढता ओढता माझं अंग तापलं. शेवटी त्याने सागवानी रंगाची एक मध्यम जोडी आणली आणि खोली एकदम भरून गेली. गाणारी बाई दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभी आहे असं वाटत होतं.

"पप्पा, हीच!" प्राप्ती ओरडली. दादा तेव्हा स्पीकरच्या लाकडावरून हात फिरवत बाजूला उभे होते. त्यांनी खुशीत मान डोलावली.

घरी माझं स्वागत थाटात झालं. दादांच्या बायकोने, मंजुळाताईंनी, मला हळदकुंकू लावलं. शेजारी जमले, पेढे वाटले. दादा समोरच्या खुर्चीत अगदी मधोमध बसले आणि त्यांनी गाणं लावलं. मी जीव ओतून वाजू लागलो.

थोड्याच वेळात दादांच्या कपाळाला आठी पडली.

"डावा कमी वाजतो रे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दोन्ही बाजूंना मी अगदी सारखं बळ देत होतो.

"नाय हो, बरोबर वाजतंय," मंजुळाताई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय? बाई मधी पाहिजे. ही उजव्या भिंतीला चिकटून गाते!"

त्या दिवसापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. दादांनी वायरी बदलल्या. डावा स्पीकर पुढे घेतला, मागे घेतला, विटांवर चढवला. शेवटी खोक्यात घालून मला पुन्हा ठाण्याला नेलं. विनीतने मला उघडून यंत्राने तपासलं. दोष सापडला नाही. मी परत आलो, आणि दादांचं तेच. ते मला चारचौघांत खोटं ठरवू लागले. ज्या हातांनी मला प्रेमाने थोपटलं होतं तेच हात आता मला चापट मारायचे. मित्रांनो, आपण खरं वाजतो आहोत हे सांगायला आम्हाला तोंड नसतं.

एका रविवारी दादांनी विनीतला फोन केला. "मना येरा, खुळा समजू नका. परदेशी सांगून खराब माल गळ्यात मारलाय तुम्ही."

विनीत त्याच दुपारी घरी आला. तोही चिडलेला होता. त्याने माझ्या पाठीमागच्या वायरींची अदलाबदल केली. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे.

"दादा, दोष याच्यात असेल तर आता उजवा स्पीकर कमी वाजायला हवा. सांगा."

दादांनी डोळे मिटून ऐकलं. "डावाच कमी हाय."

विनीतने दोन्ही स्पीकरच्या जागा बदलल्या. दादा म्हणाले, "अजून डावाच."

विनीतचा राग कुठल्या कुठे गेला. तो प्राप्तीकडे पाहू लागला. प्राप्ती हळूच पुढे झाली. तिने माझा आवाज थोडा कमी केला, दादांच्या मागे गेली आणि त्यांच्या उजव्या कानात बोट घट्ट दाबलं.

दादांनी दचकून डोळे उघडले.

"गाणं बंद का केलंस?"

मी वाजत होतो. बाई गात होती. खोलीतल्या सगळ्यांना ती ऐकू येत होती.

मंजुळाताईंच्या हातातली चहाची बशी खाली पडली. दादांनी स्वतःच प्राप्तीचं बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी निर्दोष ठरण्याची वाट पाहत होतो. पण माझी सुटका अशी होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला आनंद झाला नाही. मी हादरून गेलो.

"मांडवातला आवाज फार मोठा असतो, त्यामुळे दडा बसला असंल," दादा पुटपुटले.

"पप्पा, तुम्ही चालताना झोक जातो ना? कानात शिटी वाजते म्हणत होतात ना?" प्राप्ती म्हणाली. "आपण पित्त समजून बसलो!"

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथून मोठ्या तपासण्या झाल्या. त्यांचा निकाल मी या खोलीतच ऐकला. प्राप्ती आईला जवळ बसवून सांगत होती.

"ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे, आई. कॅन्सर नाही. पण वाढत राहिली तर मेंदूवर दाब येईल. ऑपरेशन लगेच करायला सांगितलंय."

"आणि कान?"

प्राप्तीने मान हलवली. "डावा कान वाचणार नाही म्हणाले."

मंजुळाताई रडल्या नाहीत. उठल्या, माझ्यावर एक टॉवेल टाकला आणि कपड्यांची पिशवी भरायला लागल्या.

त्यानंतर घर सुनं झालं. टॉवेलखाली मी कुलूप उघडण्याची वाट पाहायचो. एकदा दार उघडलं आणि दादांच्या पावलांचा आवाज आला, अडखळत, भिंत धरत. ते जिवंत परत आले होते. पण माझ्याजवळ आले नाहीत. बँजोही त्यांनी हातात घेतला नाही. पार्टीतली माणसं भेटायला यायची तेव्हा कोण कुठून बोललं हेच दादांना कळायचं नाही. ते गोंधळून मान फिरवत राहायचे. मला ते बघवायचं नाही.

शेवटी ते विनीतला म्हणाले, "घेऊन जा याला. दोन सपीकर आणि एक कान, काय करू?"

विनीत खोकं घेऊन आला. पण वायरी काढण्याआधी त्याने मला एकदा सुरू केलं, एक हळदीचं गाणं लावलं आणि माझ्या कोपऱ्यातलं एक बारीक बटण दाबलं. ते दाबलं की डावी-उजवी वाटणी संपते. दोन्हीकडचं सगळं मी एकत्र करतो आणि दोन्ही स्पीकरमधून तेच पाठवतो. मग दादांचा उजवा कान स्पीकरसमोर येईल अशी त्याने त्यांची खुर्ची फिरवली.

दादा नाइलाजाने बसले. मग हळूहळू पुढे झुकले.

"अगं," ते मंजुळाताईंना म्हणाले, "या गाण्यात घुंगरू हाय?"

"पहिल्यापासून हाय." खरंच होतं, पण ते फक्त डाव्या स्पीकरमधून वाजायचं.

"मना कधी आयकूच नाय आलं!" दादांचे डोळे मोठे झाले होते. "कधीपासनं माझा कान गेला होता गं?"

विनीतने रिकामं खोकं घडी करून काखेत मारलं आणि मला न घेताच ठाण्याला गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांनी शेवटी स्वतःसाठी काही मागायचं असतं. धूळ पुसा, उन्हात ठेवू नका, असं. मी तसं मागत नाही. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाक मारल्यावर भलतीकडे बघत असेल, "काय म्हणालास?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्यांना हसू नका. चिडूही नका. त्यांच्या जवळ जा, एकेका कानाशी हळू बोलून पाहा. ऐकू आलं नाही, तर त्यांचा हात धरा आणि आधी डॉक्टरांकडे चला.